मांजरांच्या सर्दीत प्रतिजैविके

शिंका, गळणारे नाक, चिपडांनी चिकटलेले डोळे आणि मंदावलेली भूक ही मांजराच्या वरच्या श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणे. हा आजार बहुतेक वेळा हर्पीस किंवा कॅलिसी विषाणूमुळे होतो आणि विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा, बॉर्डेटेला हे जिवाणू कधी मूळ कारण असतात, कधी मागाहून शिरतात.

स्राव पाण्यासारखा असेल आणि मांजर खात-पीत असेल, तर 10 दिवसांपर्यंत थांबता येते. घट्ट पिवळट-हिरवट शेंबडासोबत ताप, सुस्ती, अन्नावरची वासना उडणे दिसले की प्रतिजैविक सुरू करतात. नुसता रंग पुरावा नव्हे. पहिली पसंती डॉक्सिसायक्लिनला: दर किलो वजनामागे 5 मिलिग्रॅम दर 12 तासांनी किंवा 10 मिलिग्रॅम दिवसातून एकदा, 7 ते 10 दिवस. क्लॅमिडियाला सुमारे 4 आठवडे लागतात. तीन किलोच्या मांजराला दिवसाला 30 मिलिग्रॅमच पुरते, म्हणून मेडिकलमधली माणसांची 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल अंदाजाने वाटून देणे घातक. मात्रा पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावी.

खरी गडबड देण्याच्या पद्धतीत होते. डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते आणि पुढे नळी आकसते. म्हणून गोळीमागे सिरिंजने सुमारे 6 मिलिलिटर पाणी थोडे थोडे पाजावे किंवा लगेच घास भरवावा. मराठवाड्यातली घरची मांजरे दूध-भाकरीवर वाढलेली, त्यामुळे गोळी दुधात कालवण्याचा मोह होतो. पण दुधातले कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते आणि ते कमी अंगी लागते. त्याऐवजी कांदा-लसूण न घातलेले कोंबडीचे कोमट पाणी वापरावे. नाक चोंदलेले मांजर वासाशिवाय खात नाही, तेव्हा कोमट अन्नाचा वास उपयोगी पडतो. पॅरासिटामॉल मात्र देऊच नये. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. थोडी मात्राही जीव घेते. एन्रोफ्लोक्सासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाची मात्रा जास्त झाली तर मांजर आंधळे होऊ शकते.

हर्पीस एकदा आला की शरीरात दबून राहतो आणि घर बदलले, नवे मांजर आले की उसळतो. दर उसळीला प्रतिजैविकाचा कोर्स देणे व्यर्थ आहे.

झोपेतही मिनिटाला 40 च्या वर श्वास, तोंड उघडून धापा टाकणे किंवा दोन दिवस उपास ही न्यूमोनियाची किंवा तितक्याच गंभीर आजाराची खूण असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालयेही आहेत.