रक्तातला ऑक्सिजन उतरतो कसा?

कोविड गेला, पण इंदूरच्या मेघदूत उद्यानात सकाळी फिरणाऱ्या मंडळींच्या खिशातला ऑक्सिमीटर काही गेला नाही. ‘माझा ९६. काका, तुमचा?’ ‘९९!’ ‘मग आज पोहे-जिलबी तुमच्याकडून!’ आणि ९६वाले भराभरा श्वास ओढायला लागतात. हा तीनाचा फरक बहुधा यंत्राच्या अचूकतेच्या मर्यादेतलाच असतो.

हा आकडा एवढंच सांगतो की धमनीतल्या हिमोग्लोबिनमधल्या, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रथिनातल्या, ऑक्सिजनच्या किती टक्के जागा भरल्यात. पण हिमोग्लोबिनची खरी करामत ऑक्सिजन सोडण्यात आहे.

त्याच्या एका रेणूत लोहाचे चार अणू आणि प्रत्येकावर ऑक्सिजनची एक जागा. पहिली जागा भरताना कुरकुर होते. ती भरली की लोहाचा अणू किंचित सरकतो, त्याला जोडलेली प्रथिनाची साखळी ओढली जाते आणि उरलेल्या तिघींचीही ठेवण बदलते. पंगतीत पहिला माणूस बसेपर्यंतच संकोच असतो, मग सगळे पटापट बसतात, उठतानाही तसंच. ही रचना उलगडणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांना १९६२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता आकडे बघा. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब साधारण १०० मिमी पारा, जागा जवळजवळ सगळ्या भरलेल्या. आराम करणाऱ्या ऊतींत दाब ४०, तरी ७५ टक्के जागा भरलेल्याच! दाब ६० ने उतरला आणि सुटला जेमतेम पाव हिस्सा. पण धावताना पोटरीत दाब २० वर आला, की भरलेल्या जागा उरतात ३५ टक्क्यांच्या आसपास. शिवाय राबणारा स्नायू कार्बन डायऑक्साइड, आम्ल आणि उष्णता सोडतो. त्यांनी पकड आणखी सैल होते. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम १९०४ साली क्रिस्तियान बोर आणि सहकाऱ्यांनी दाखवला. अणूवाल्या नील्स बोर यांचे हे वडील.

म्हणून बाकावर बसून भराभरा श्वास ओढणं उलटंच पडतं. भरलेल्या जागा आणखी किती भरणार? कार्बन डायऑक्साइड मात्र निघून जातो, हिमोग्लोबिनची पकड घट्ट होते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग गरगरतं, ओठांना मुंग्या येतात. यालाच ‘ऊर्जा जागी झाली’ म्हणणारे महाभाग आहेत.

आणि हिमोग्लोबिन ७ वर आलेल्या बाईंचाही ऑक्सिमीटर ९९ दाखवू शकतो. जागा भरलेल्या असतात, पण जागाच निम्म्या. ते कळायला रक्ततपासणीच लागते.