फार्स आणि मास्क

इंग्रजी नाटकाचे दोन प्रकार. गैरसमज, वेषांतर, लपाछपी आणि शारीरिक विनोद यांच्या बळावर भरधाव वेगाने हसवणारे नाटक म्हणजे फार्स. मास्क हा सोळाव्या-सतराव्या शतकांतला राजदरबारी सोहळा होता. त्यात काव्य, गायन, नृत्य, उंची वेशभूषा आणि यांत्रिक नेपथ्य एकत्र येत, आणि अखेरीस नर्तक प्रेक्षकांनाच नाचायला घेऊन जात. फार्स तिकीट काढून येणाऱ्यांवर जगला, मास्क राजाच्या तिजोरीवर. दोन्हींची छापील संहिता वाचताना मात्र सारखीच अडचण येते. प्रयोगातला निम्मा ऐवज कागदावर उतरलेलाच नसतो.

सणाच्या रात्री सोंगे घेऊन मोठ्यांच्या वाड्यावर जाण्याची चाल इंग्लंडमध्ये जुनी होती. १३७७ मध्ये लंडनचे नागरिक अशीच सोंगे घेऊन बालवयीन राजपुत्र रिचर्डकडे गेले आणि त्याच्याशी फासे खेळले. फासे आधीच असे भरून आणले होते की राजपुत्रच जिंकावा. ही खुशामत मास्कच्या अंगात शेवटपर्यंत राहिली. १५१२ मध्ये आठवा हेन्री अकरा सोबत्यांसह मुखवटे घालून सभेत आला आणि त्याने उपस्थित स्त्रियांना नाचायला बोलावले. ही इटालियन तऱ्हा इंग्लंडात यापूर्वी कोणी पाहिली नव्हती, असे बखरकार एडवर्ड हॉल लिहितो. काही स्त्रियांनी तेव्हा नकार दिला, हेही तोच नोंदवतो.

मास्कचा खरा बहर पहिल्या जेम्सच्या काळात आला. कवी बेन जॉन्सन आणि नेपथ्यकार व वास्तुशिल्पी इनिगो जोन्स या जोडीचा ‘द मास्क ऑफ ब्लॅकनेस’ ६ जानेवारी १६०५ रोजी व्हाइटहॉल राजवाड्यात झाला. मंचावर लाटा उसळणारा कृत्रिम समुद्र होता आणि त्यावर मोत्याच्या शिंपल्यात बसून नायजर नदीच्या कन्या ब्रिटनकडे येत होत्या. या कन्या म्हणजे जेम्सची राणी अ‍ॅन आणि तिच्या सरदारघराण्यांतल्या सख्या. त्यांनी चेहरे आणि हात काळे रंगवले होते, आणि ती कल्पना राणीचीच होती. राणी त्या वेळी गरोदर होती. डडली कार्लटन या दरबाऱ्याला तो रंग अजिबात आवडला नाही. कथानकात तर ब्रिटनच्या राजाचे तेज त्या काळ्या कन्यांना गोरे करणार होते. स्तुतीचा हा प्रकार आज वाचताना अंगावर येतो. एका रात्रीचा खर्च सुमारे ३,००० पौंड झाला.

जोन्सने आणलेली यथार्थदर्शी रंगभूमी मुळात एकाच माणसासाठी रचलेली होती. रस्ते, खांब, डोंगर दूर जात एका बिंदूला मिळताना अचूक दिसत ते फक्त राजाच्या आसनावरून. बाकीच्यांना थोडे तिरके दिसे, आणि कोण किती तिरके पाहतो यावरून त्याची दरबारातली पायरी कळे. परदेशी राजदूतांमध्ये आसनांवरून तंटे होत ते यामुळेच. मंचावरही पायरी पाळली जाई. राजघराण्यातली आणि सरदार मंडळी फक्त नाचत; संवाद म्हणणे हे पोटार्थी नटांचे काम, ते त्यांना शोभणारे नव्हते. १६०९ च्या ‘द मास्क ऑफ क्वीन्स’मध्ये जॉन्सनने मुख्य भागाआधी बारा चेटकिणींचा बेंगरूळ नाच घातला. असा उलटा भाग, ज्याला अँटिमास्क म्हणत, धंदेवाईक नट करीत. त्याचा गोंधळ राजकन्या-सरदारांच्या प्रवेशासरशी विरून जाई. प्रेक्षकांना बहुधा हाच भाग अधिक आवडे, कारण पुढे अँटिमास्कांची संख्या वाढतच गेली.

जॉन्सनला मास्कमधून नीतिबोध करायचा होता. १६१८ मध्ये त्याच्या ‘प्लेझर रिकन्साइल्ड टु व्हर्च्यू’च्या वेळी काय झाले ते व्हेनिसच्या वकिलातीतला धर्मगुरू ओराझिओ बुझीनो याने लिहून ठेवले आहे. नर्तक दमलेले पाहून राजा जेम्स भर सभेत ओरडला की हे नाचत का नाहीत, मला इथे कशाला आणले? तेव्हा राजाचा लाडका बकिंगहॅम पुढे झाला आणि उंच उड्या मारून त्याने वेळ निभावली. सद्गुण आणि सुख यांच्या मीलनावरची कविता कोणी ऐकली असेल असे वाटत नाही. मास्क म्हणजे शब्द की देखावा, यावरून जॉन्सन आणि जोन्स यांचेही बिनसले. १६३१ मध्ये छापील प्रतीवर कोणाचे नाव आधी, हे निमित्त झाले. चित्रकला आणि सुतारकाम हाच आता मास्कचा आत्मा झाला आहे, असा टोमणा जॉन्सनने एका कवितेत मारला. त्याचा राग खरा होता, पण दरबाराने निवड केली ती जोन्सची.

पहिल्या चार्ल्सच्या काळात खर्च बेसुमार झाला. विल्यम प्रिन या कट्टर प्यूरिटन, म्हणजे कडक धर्माचरणाचा आग्रह धरणाऱ्या पंथातल्या, वकिलाने नाटकांवर झोड उठवणारे जाडजूड पुस्तक काढले. त्यातला रंगमंचावर येणाऱ्या स्त्रियांविषयीचा अपशब्द राणी हेन्रिएटा मारियाला उद्देशून आहे असे मानले गेले, आणि प्रिनचे कान छाटण्यात आले. लंडनच्या वकील-संस्थांनी आपली निष्ठा दाखवण्यासाठी १६३४ मध्ये जेम्स शर्लीचा ‘द ट्रायम्फ ऑफ पीस’ केला. मिरवणुकीसह त्याला २०,००० पौंडांहून अधिक लागले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला लडलोच्या किल्ल्यात कवी मिल्टनचा ‘कोमस’ झाला. त्यात उमरावाची तीन मुले चक्क संवाद म्हणत होती, आणि शब्दांना असा मान देणारा मास्क दरबारापासून दूर घडला हे लक्षात घेण्यासारखे आहे. दरबारातला अखेरचा मास्क, डॅव्हनंटचा ‘साल्मासिडा स्पोलिया’, १६४० मध्ये झाला. त्यात चार्ल्स स्वतः नाचला. त्याआधी जोन्सने बांधलेल्या बँक्वेटिंग हाऊसच्या छताला रूबेन्सची चित्रे बसवली होती, आणि मशालींच्या धुराने ती काळवंडू नयेत म्हणून मास्क शेजारच्या तात्पुरत्या लाकडी दालनात हलवले होते. १६४९ मध्ये चार्ल्सचा शिरच्छेद झाला तो याच बँक्वेटिंग हाऊसबाहेर.

चार्ल्सनंतर खंडित झालेली राजसत्ता १६६० मध्ये परतल्यावर मास्कचे अवशेष गायनप्रधान नाटकांत मिसळले. ‘रूल, ब्रिटानिया!’ हे गीत मूळचे १७४० च्या ‘आल्फ्रेड’ या मास्कमधले. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’च्या चौथ्या अंकात देवतांचा एक छोटा मास्क आहे, प्रॉस्पेरो तो अर्ध्यावरच मोडतो.

फार्सची मुळे याहून ओबडधोबड. वेकफिल्डच्या धार्मिक नाट्यमालेत येशूच्या जन्माआधीच एक चोर पळवलेले मेंढरू पाळण्यात घालून ते आपले तान्हे बाळ म्हणून दाखवतो. जॉन हेवूडने फ्रेंच फार्सचा कित्ता गिरवला. ‘गॅमर गर्टन्स नीडल’मध्ये एका हरवलेल्या सुईसाठी सारे गाव भांडते आणि ती अखेर गड्याच्या विजारीत, टोचून सापडते. केंब्रिजच्या विद्वानांपुढे झालेले हे नाटक. शेक्सपिअरने ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये रोमन नाटककार प्लॉटसच्या जुळ्यांची एक जोडी घेतली आणि नोकरांची दुसरी जोडी घालून गोंधळ दुप्पट केला. १५९४ च्या डिसेंबरात लंडनच्या ग्रेज इन या वकील-संस्थेत त्याचा प्रयोग झाला तेव्हा गर्दीचा गोंधळ इतका झाला की त्या रात्रीचे नावच ‘चुकांची रात्र’ पडले.

समीक्षकांनी फार्सला कधी पंक्तीत घेतले नाही. कवी-नाटककार ड्रायडनने १६७१ मध्ये निवाडा दिला की कॉमेडीतली माणसे हलक्या दर्जाची असली तरी त्यांचे वागणे स्वाभाविक असते, फार्समध्ये सारेच ओढूनताणून. पण हा निकष फार्सला लावणेच चूक आहे. फार्सची सुरुवातीची अट अशक्य असते आणि पुढचे सारे काटेकोर तर्काने चालते. पात्राला विचार करायला उसंत मिळाली की फार्स कोसळतो.

अठराव्या शतकात मोठ्या नाटकानंतर छोटा फार्स लावण्याचा रिवाज पडला. तिसऱ्या अंकानंतर आलेल्यांना अर्ध्या दरात प्रवेश मिळे, आणि दुकाने बंद करून येणारे खास त्यासाठी येत. १७६३ मध्ये ही सवलत काढायचा प्रयत्न होताच ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहांत दंगल उसळली. पौराणिक नाटक संपल्यावर फार्स करायची आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांची रीत याच वळणाची होती, नावासकट.

मॉर्टनच्या ‘बॉक्स अँड कॉक्स’मध्ये (१८४७) घरमालकीण एकच खोली दोघांना भाड्याने देते. रात्रपाळीचा छापखान्यातला कामगार आणि दिवसा राबणारा टोप्यांचा कारागीर यांना एकमेकांचा पत्ताच नसतो. पिनेरोच्या ‘द मॅजिस्ट्रेट’ने (१८८५) फार्सला तीन अंकांची ऐसपैस जागा दिली. ब्रँडन थॉमसच्या ‘चार्लीज आँट’चे लंडनमध्ये १,४६६ प्रयोग झाले, आचार्य अत्रे यांनी त्यावरूनच ‘मोरूची मावशी’ बेतली. पुढे ऑल्डविच नाट्यगृहात बेन ट्रॅव्हर्सने आणि व्हाइटहॉल नाट्यगृहात ब्रायन रिक्सने फार्सचे हक्काचे घर केले. जो ऑर्टनने ‘लूट’मध्ये आईचे प्रेत कपाटात टाकून तिच्या शवपेटीत चोरीचे पैसे लपवले, आणि हसणाऱ्यांना अस्वस्थ केले.

मायकेल फ्रेनच्या ‘नॉइजेस ऑफ’मध्ये (१९८२) एका भिकार फार्सचा पहिला अंक तीनदा दिसतो: रंगीत तालमीत, मग रंगमंचाच्या मागून, मग दौऱ्याच्या शेवटी पार विस्कटलेला. मधल्या अंकात नटांची भांडणे जुंपलेली असतात, पण पलीकडे प्रयोग चालू असल्याने ती सारी जवळजवळ मुक्याने करावी लागतात.