‘फॅमिलीच हवी’: मुंबईत भाडेकरू पारखण्यामागचा इतिहास

चेंबूर, मुलुंड, बोरिवली, कुठलाही भाग घ्या. वन बीएचके भाड्याने द्यायचा म्हटलं की एजंटचा पहिला फोन साधारण असा येतो: ‘काका, पार्टी चांगली आहे. नवरा-बायको, एक मुलगी, दोघंही नोकरीला. आपल्यातलेच आहेत.’ पगार किती, आधी कुठे राहत होते, ती जागा का सोडली, हे प्रश्न मागाहून येतात, कधी येतच नाहीत. नकारही असाच एजंटमार्फत, खरं कारण न सांगता जातो: ‘काकू म्हणाल्या, त्यांचा पुतण्या राहायला येतोय.’ बॅचलर नको, वकील नको, पोलिसातला नको, पत्रकार नको, मांस-मच्छी करणारे नकोत, अमुक धर्माचे नकोत. ही यादी कुणी लिहून ठेवलेली नाही, तरी प्रत्येक एजंटला ती पाठ असते.

या यादीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक आहे जागा परत न मिळण्याची भीती, आणि ती कायद्यातून आली. दुसरी आहे परक्या माणसाला दारात उभं न करण्याची सवय, आणि ती कायद्याहून कितीतरी जुनी आहे. गेल्या पंचवीस वर्षांत पहिलीचा आधार बराचसा गेला, पण तिच्या नावाखाली दुसरी आजही बिनदिक्कत चालते. एखाददुसरी जागा भाड्याने देणाऱ्या मालकाने हा फरक समजून घ्यायला हवा, म्हणून हा इतिहास.

जुनी गोष्ट आधी. गिरणगावात खोली मिळायची ती ओळखीवर. गावचा, भावकीतला, खात्यातला कुणीतरी शब्द टाकायचा आणि एका खोलीत आणखी एक वळकटी यायची. मध्यमवर्गाने स्वतःच्या वसाहती उभ्या केल्या त्याही जातीजमातीच्या पायावर. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था 1915 सालची. त्यानंतर काही वर्षांतच वांद्र्यात सालसेट कॅथलिक संस्था आली. दादरला तर पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी शेजारी शेजारी वसल्या. 1896 च्या प्लेगनंतर नव्या, हवेशीर वस्तीची गरज खरीच होती आणि आपल्या माणसांनी एकत्र येऊन घरं बांधण्यात त्या काळी मोठं धाडस होतं, हे मान्यच करायला हवं. पण ‘आपली माणसं’ म्हटलं की बाहेरची माणसंही आपोआप ठरतात.

ती कोण, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात दिसतं. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. पारशी नावाने एका पारशी धर्मशाळेत काही दिवस काढले. जात कळल्यावर लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. मुंबईत मात्र ते 1912 पासून दोन दशकांहून अधिक काळ परळच्या बीआयटी चाळीत राहिले. या चाळी प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या होत्या. सार्वजनिक संस्थेच्या चाळीत छप्पर मिळालं, खाजगी दारं बंद राहिली. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता कायद्याची भीती. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई आणि भाडी दोन्ही भडकली. 1918 मध्ये सरकारने भाड्यावर युद्धकालीन निर्बंध घातले. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा झालं आणि त्यातून 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येईल तेवढं भाडं, 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं. भाडेकरूला काढायचं तर ठरावीक कारणं कोर्टात सिद्ध करावी लागत. भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जाई. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, गिरण्या जोरात होत्या. त्या वेळी हा कायदा नसता तर लाखो लोक रस्त्यावर आले असते. तो गरजेचाच होता.

घोटाळा झाला तो तात्पुरता कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक जगला, त्यामुळे. महागाई चढत गेली, भाडं तिथेच राहिलं. गिरगाव-काळबादेवीच्या चाळींत भाडं इतकं कमी राहिलं की डागडुजीचा खर्चही त्यातून निघेना. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा 1969 मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. खोली हातोहात जाई ती पागडीवर, म्हणजे भाड्याखेरीज हाती घेतलेल्या मोठ्या रकमेवर. पागडी कायद्याने गुन्हा होती, व्यवहार मात्र उघड चाले. नवी भाड्याची चाळ बांधणं मालकांनी सोडून दिलं आणि शहर ‘ओनरशिप’कडे वळलं.

पळवाट म्हणून मालक लिव्ह अँड लायसन्सकडे गेले. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात परवान्याची व्याख्या होतीच. परवाना म्हणजे फक्त वापरायची मुभा, जागेत हक्क नाही. त्यामुळे भाडे नियंत्रणाची बेडी लागत नाही, असा हिशेब. तो 1973 मध्ये कोसळला. त्या वर्षीच्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू परवान्यावर जागेत राहणारा माणूस संरक्षित भाडेकरू ठरला. अकरा महिन्यांसाठी म्हणून ज्याला खोली दिली, तो एका तारखेने कायमचा झाला. राहणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर हा मोठा दिलासा होता, कारण मालक परवान्याच्या नावाखाली खरेखुरे भाडेकरारच करत होते. पण त्या एका तारखेची धास्ती मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ‘जागा दिली की गेली’ हे वाक्य तेव्हापासून पक्कं झालं.

आजची नकाराची यादी बरीचशी तिथली आहे. वकील नको, कारण तो कोर्टात खेचत राहील. पोलिस आणि पत्रकार नकोत, कारण ओळखी वापरतील. स्थानिक नको, बदलीवर आलेला बँकवाला चालेल, कारण बदली झाली की तो आपण होऊन जाईल. कंपनीच्या नावावर करार सर्वांत उत्तम. नुसती कुलूप लावून ठेवलेली घरंही याच भीतीचा भाग. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालात 2011 च्या जनगणनेच्या आधारे मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी असल्याचं म्हटलं होतं, देशातल्या शहरांत सर्वाधिक. त्यातली सगळीच भीतीपोटी रिकामी नव्हती, पण भीतीचा वाटा नाकारता येत नाही.

डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचं म्हटलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्याने ठेवलं, वर्षाला 4 टक्के वाढीला मुभा दिली, पागडीही मान्य केली. एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांना संरक्षणातून वगळलं. पण छोट्या मालकासाठी खरी महत्त्वाची आहेत ती दोन कलमं.

कलम 24 सांगतं की राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपली की जागा सोडलीच पाहिजे. न सोडल्यास मालक दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठीच नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे जातो आणि राहणाऱ्याला दुप्पट शुल्काने नुकसानभरपाई द्यावी लागते. कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून नोंदणी वाचवण्यासाठी ‘अकरा महिन्यांचा करतो’ म्हणण्याला महाराष्ट्रात काही अर्थ नाही. हजारभर रुपये वाचवायला साध्या कागदावर सह्या घेऊन, वर ‘मुसलमान नको, बॅचलर नको’ म्हणत सावध राहणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांनी खरं कुलूप उघडं टाकलेलं असतं.

आता तर नोंदणी घरबसल्या होते. एजंटचा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं छोटं यंत्र घेऊन येतो. डायनिंग टेबलावर मालक, राहायला येणारा आणि दोन साक्षीदार एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसतात. आजीचा अंगठा झिजलेला असतो, तो चार वेळा पुसून पुन्हा टेकवावा लागतो. तासाभरात काम होतं आणि काही दिवसांत नोंदलेला करार ईमेलवर येतो.

पोलिसांकडे माहिती देण्याची सक्ती वेगळ्या वाटेने आली. बॉम्बस्फोट आणि दहशतवादी हल्ल्यांनंतर मुंबई पोलिस तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली आदेश काढून भाडेकरूची माहिती ठाण्याला कळवायला सांगू लागले, आणि न कळवणाऱ्या मालकांवर गुन्हेही नोंदले गेले. आता हे काम पोलिसांच्या संकेतस्थळावर होतं. हेतू चांगलाच होता. पण कळवण्याची जबाबदारी आली की काही सोसायट्यांच्या कमिट्या ‘सुरक्षे’च्या नावाखाली स्वतःच मुलाखती घेऊ लागल्या. लायसन्सवर देताना सोसायटीला कळवायचं असतं, तिच्याकडून माणूस पसंत करून घ्यायचा नसतो. मालक स्वतः न राहता जागा भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते त्या बिनभोगवटा शुल्कावरही शासनाने 2001 मध्ये सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. सेक्रेटरीने ‘आमच्याकडे फक्त व्हेज’ म्हटलं की मालक गप्प बसतो, कारण त्याला तिथे पुढेही राहायचं असतं.

कायदा इथे अपुरा आहे. घटनेचं कलम 15 दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी यांचं नाव घेतं, खाजगी घराचं घेत नाही. 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याची मुभा मान्य केली. तरीही सगळंच मोकळं रान नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला राहत्या जागेचा उपयोग घेण्यापासून अडवणं गुन्हा आहे. अडचण पुराव्याची. ‘पुतण्या येतोय’ म्हटल्यावर कोण काय सिद्ध करणार?

सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारल्याची चित्रफीत पसरली आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. तो रास्तच होता. मात्र त्याच संतापातले कितीतरी जण मुसलमान किंवा दलित कुटुंबाचा फोन आला की एजंटला ‘जरा बघ दुसरं कुणी’ असं सांगतात. मुंबईत एजंटला आडनाव सांगण्याआधी क्षणभर थांबणारी माणसं आहेत. दिवसाला चार-चार घरं बघून रात्री पुन्हा त्याच पीजीच्या कॉटवर येणाऱ्या मुली आहेत. त्यांना खरं कारण कधीच कळत नाही.

मालकाला निवडीचा हक्क आहे, आणि त्याने तो नीट वापरावा. पगाराची पावती, कंपनीचं पत्र, आधीच्या घरमालकाचा नंबर, आधीचा नोंदलेला करार, किती माणसं राहणार, डिपॉझिट बँकेतून येणार की रोख, हे विचारावं. भाडं पगाराच्या मानाने झेपणारं आहे का, ते पाहावं. या कारणावरून नकार द्यायचा असेल तर तसं त्याच दिवशी सांगावं, आणि टोकन घेतलं असेल तर पूर्ण परत करावं. 2021 मध्ये केंद्राने मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवायला सांगतो. पण अर्ज नाकारताना कोणती कारणं चालणार नाहीत, याबद्दल त्यातही काही नाही.