चौथीचा वर्ग आणि चार संगणक

२००० साली गुजरात सरकारने बडोदे महापालिकेच्या शंभर प्राथमिक शाळांना संगणक दिले, प्रत्येक शाळेला चार. पालिकेच्या प्राथमिक शाळा तेव्हा १२२ होत्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी यंत्र पोचलं. दोन वर्षांनी शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली तेव्हा लक्षात आलं, की प्राथमिकच्या मुलांसाठी ते फारच थोड्या शाळांत वापरले जात होते. संगणक शाळेत होता, चौथीचं पोर शाळेत होतं, पण दोघांची गाठ पडत नव्हती.

प्राथमिक गणिताला संगणकाचा कितपत हातभार लागतो यावर जगात कुठेही चर्चा निघाली की बडोद्याचा दाखला दिला जातो. त्याचं मूळ या बाजूला पडलेल्या यंत्रांत आहे. यंत्रं आधीच आली होती, त्यामुळे ती मुलांच्या हाती दिल्यावर काय होतं तेवढंच तपासायचं राहिलं होतं.

त्याआधीचं थोडं. बडोद्याला शाळेत नवं काही करून बघण्याची खोड जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये आधी अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. आधी एका तुकड्यावर करून बघायचं, मग पसरवायचं, ही रीत आजच्या संशोधकांनाही पटेल. गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा त्यांना दाखवायला बडोद्याचं उदाहरण होतं. विधेयक फेटाळलं गेलं, ते वेगळं.

यंत्राने गणित शिकवण्याची गोष्ट मात्र सुरू होते अमेरिकेत, आणि तीही चौथीच्याच वर्गात. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला पालक म्हणून मागे जाऊन बसले. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. मुलाने गणित सोडवलं, पण बरोबर की चूक हे त्याला लगेच कळत नव्हतं. आणि ज्याला येत होतं तो नि ज्याला येत नव्हतं तो, दोघांना एकाच चालीने हाकलं जात होतं. घरी येऊन त्यांनी शिकवण्याचं यंत्र बनवायला घेतलं. त्यात संगणक नव्हता, एक पेटी होती. एक प्रश्न, एक उत्तर, ताबडतोब निकाल, मग पुढची लहानशी पायरी. यातून ‘प्रोग्रॅम्ड लर्निंग’ हा अभ्यासप्रकार निघाला, आणि भारतात त्यावर ज्या थोड्या ठिकाणी नेटाने संशोधन झालं त्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग होता. तिथलं प्रगत अध्ययन केंद्र १९६३ चं. म्हणजे पालिकेच्या शाळांत संगणक येण्याआधी तीन-चार दशकं हा विचार याच शहरात कागदावर नांदत होता. विद्यापीठातून तो कुठल्या शाळेच्या फळ्यापर्यंत किती पोचला, हा प्रश्न आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांना विचारता येईल.

आता २००२ कडे. परिस्थिती कशी होती हे एका आकड्यावरून कळतं. बडोद्यात तिसरीत बसलेल्या मुलांपैकी जेमतेम १९.५ टक्के मुलांना पहिलीच्या पातळीचं गणित बरोबर येत होतं. पुस्तक तिसरीचं, बाई तिसरीचं शिकवणार, मूल पहिलीच्याही अलीकडे. ‘प्रथम’ने यावर आधी माणसाचा उपाय केला होता. वस्तीतल्याच, शाळा पुरी केलेल्या मुली ‘बालसखी’ म्हणून नेमल्या. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना घेऊन त्या रोज दोन तास बसायच्या आणि अंकओळखीपासून, बेरीज-वजाबाकीपासून पुन्हा सुरुवात करायच्या. संगणकाचा प्रयोग याच कामाच्या शेजारी उभा राहिला, मुद्दाम चौथीसाठी आणि फक्त गणितासाठी.

त्याची मांडणी साधी होती. आठवड्याला दोन तास, एक शाळेच्या वेळात आणि एक शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर. एका संगणकावर दोन मुलं. पडद्यावर गणिताचे खेळ, सूचना सोप्या गुजरातीत. मूल बरोबर सोडवत गेलं की प्रश्न अवघड होत जायचे, अडलं तर त्याच पायरीवर थांबायचे. शेजारी वस्तीतलीच एखादी शिकवणारी व्यक्ती असायची, पण ती फळ्यापुढे उभी राहून धडा घेत नसे. कुणी अडलं तर तेवढं सांगायचं, इतकंच तिचं काम. स्किनर यांना चौथीच्या वर्गात ज्या दोन उणिवा दिसल्या होत्या, नेमक्या त्याच इथे भरून काढल्या होत्या. कुणी तो धागा मनात ठेवून हे केलं असेल असं नाही.

मोजमाप कसं करायचं हे अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी ठरवलं. शाळांची सोडत काढली, निम्म्या शाळांत कार्यक्रम, निम्म्यांत नाही. पुढच्या वर्षी अदलाबदल. या प्रयोगावरचा त्यांचा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच पद्धतीच्या कामासाठी. बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणी त्या दिवशी पेढे वाटल्याचं माझ्या कानावर नाही, वाटायला हरकत नव्हती.

निकाल काय लागला? पहिल्या वर्षी गणिताचे गुण ०.३५ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.४७ ने. आकडा रुक्ष वाटतो, म्हणून असं समजा, की शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी आहेत. बरोबर मधलं, पन्नासावं मूल ०.४७ ने पुढे सरकलं तर ते साधारण अडुसष्टाव्या जागेवर जातं. आठवड्याच्या दोन तासांत हे बरंच झालं. बालसखींचा फायदा मुख्यतः मागे पडलेल्यांना झाला होता, संगणकाचा मात्र हुशार-कच्च्या सगळ्यांना जवळपास सारखाच. भाषेच्या गुणांवर काहीही परिणाम नाही, म्हणजे मुलं ‘एकूणच हुशार’ झाली नाहीत. जे घोटवलं तेवढंच आलं.

इथपर्यंतचा भाग संगणक विकणाऱ्यांना आवडतो. पुढचा आवडत नाही. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने त्याच मुलांना पुन्हा तपासलं तेव्हा वाढ ०.१० च्या आसपास उरली होती. पाचवीत पुन्हा तोच एका चालीचा वर्ग, घोकलेलं गणित जसं आलं तसं बरंचसं गेलं. आणि खर्च! संगणक पाच वर्षं चालतील असं धरूनसुद्धा दर मुलामागे वर्षाला सुमारे ७२२ रुपये. बालसखीला सुमारे १०७. बालसखीचा परिणाम आकड्यात कमी होता (दुसऱ्या वर्षी ०.२८), पण रुपयामागे हिशोब केला तर वस्तीतली मुलगी यंत्राला सहज भारी पडते. आज यंत्रं स्वस्त झालीत हे खरं, पण हा हिशोब कुणी विचारला की सादरीकरणातली पुढची स्लाइड लवकर येते असा माझा अनुभव आहे.

याच लिंडन यांनी नंतर गुजरातमध्येच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत दुसरा प्रयोग केला. तिथे बाईंचा नेहमीचा वेळ काढून त्या जागी संगणक बसवला तेव्हा मुलं चक्क मागे पडली. तोच संगणक शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून दिला तेव्हा ती पुढे गेली. बडोद्याच्या निकालाचा अर्थ लावताना हे डोक्यात हवं. आपल्याकडे मुलांना एक जादा तास मिळाला होता आणि शेजारी माणूस होतं. पुढे दिल्लीत मोठ्या इयत्तांवर झालेल्या अभ्यासात, अहमदाबादच्या कंपनीच्या ‘माइंडस्पार्क’ या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरने साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ ची वाढ दाखवली. तीही शाळेनंतरच्या केंद्रांत, मुलाची खरी पातळी आधी तपासून.

मग आला २०२० चा मार्च, आणि कोविडमुळे शाळा बंद झाल्या. पहिली ते पाचवीचे वर्ग गुजरातमध्ये पुन्हा भरले ते २२ नोव्हेंबर २०२१ ला. मधल्या वीस महिन्यांत डीडी गिरनार या दूरदर्शनच्या गुजराती वाहिनीवर पाठ लागायचे, व्हॉट्सॲपवर गृहपाठ यायचे, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवरचा व्हिडिओ उघडायचा. घरात फोन एक, भावंडं तीन, आणि फोन बाबांबरोबर कामावर. शिवाय व्हिडिओ सगळ्यांना सारखाच, म्हणजे पुन्हा एकाच चालीचा वर्ग, फक्त पडद्यावर. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं, तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्कं व्हावं म्हणून. त्या १९.५ टक्क्यांशी त्याचं नातं सांगायला नको.

आपल्या मराठी घरांपुरती एक गोष्ट या सगळ्या कागदपत्रांत नसते, ती इथे नोंदवतो. बडोद्यातलं मराठी मूल घरी पाढे म्हणतं आणि शाळेत घडिया. आजीला अजून पावकी-निमकी येते, शाळेला ती नको असते. ८९ ला घरात एकोणनव्वद म्हणजे नव्वदाला एक कमी, आणि शाळेत नेव्यासी म्हणजे ऐंशीवर नऊ. गंमत म्हणजे ७९ ला गुजरातीतही ‘एक कमी’चीच रीत. मराठी आकड्यांची नावं मुलांना जड जातात म्हणून २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ दिलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना त्यावर बरंच ऐकून घ्यावं लागलं. बडोद्यात आम्ही तो वाद लांबून वाचला, आमच्या पोरांपुढे तर दोन-दोन भाषांचे आकडे होते.

२००२ चे खेळ मुख्यतः अंकांचे होते. आताची ॲप बोलतात. आमच्या घरातला दुसरीतला मुलगा मराठी निवडून असंच एक ॲप खेळत होता. फोन म्हणाला, “एकोणऐंशी”. त्याने ऐंशी ऐकलं, नऊ पण कुठेतरी आहे हे त्याला माहीत होतं, ८९ दाबलं. लाल फुली, आणि पुढचा प्रश्न. त्याने दुसऱ्यांदाही तेच केलं. पोळ्या लाटता लाटता त्याची आई म्हणाली, “अरे, ऐंशी रुपये आहेत, त्यातला एक मला दे. किती राहिले?” तो थोडा वेळ थांबला, मग फोन तिच्याकडे धरून म्हणाला, “हे असं याने का नाही सांगितलं?”