दाद

दाद (स्त्रीलिंगी नाम) : गाणे, नाटक, कुस्ती किंवा भाषण चालू असताना त्यातली खुबी उमगलेल्यांनी तिथल्या तिथे, उघडपणे दिलेली पसंती. शब्द फारसी, मूळ अर्थ न्याय. मराठीने तो अर्थही जपला आहे. न्यायालयात दाद मागतात, दादफिर्याद करतात आणि गाऱ्हाणे कुणी ऐकले नाही तर दाद लागत नाही. मैफलीतली दादही निवाडाच असते. तो श्रोते देतात आणि लगेच देतात.

टाळ्या रीत म्हणूनही वाजतात. शाबासकी थोराने धाकट्याला द्यायची. वाहवा नुसत्या ऐकीव कीर्तीवरही होते. दाद द्यायला मात्र जाण लागते.

ही जाण कोल्हापुरात दोन ठिकाणी विशेष दिसते. १८८३ मध्ये स्थापन झालेली देवल क्लब ही संगीतसंस्था आणि शाहू महाराजांच्या पदरी असलेले गवई अल्लादिया खाँ यांच्यामुळे शहराच्या कानाला जयपूर-अत्रौली गायकीची सवय लागली. या गायकीत तान लयीला वळसे घेत अनपेक्षित वाटेने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येते. ठेका मनात धरून बसलेल्याच्या तोंडून तिथे आपसूक 'वा!' निघतो.

दुसरे ठिकाण कुस्तीचे खासबाग मैदान. रोमचे कलोसियम पाहून आलेल्या शाहू महाराजांनी बांधवून घेतलेले हे मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. कुस्तीच्या हौदाभोवतीची बैठक उतरती असल्याने मागच्यालाही डाव दिसतो आणि डाव दिसला तरच दाद देता येते. हलगीचा ठेका चढतो, ढाक किंवा घिस्सा हा डाव नेमका बसतो आणि मैदान उठून उभे राहते. पाठ लागायच्या बेतात असताना खालचा गडी निसटला, तर तोच गजर त्याच्यासाठीही होतो. जिंकणाऱ्याचा जल्लोष वेगळा आणि ही दाद वेगळी, हे इथल्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. कोल्हापूरच्या रसिकतेचे हे लक्षण मोलाचे आहे.

आखाड्यात शब्दाचा उलटा वापरही कानी पडतो : 'किती डाव टाकले, तरी गडी दाद देईना', म्हणजे बधेना.

न्यायाच्या अर्थाने दाद मागण्यासाठी कोल्हापूरकरांना उच्च न्यायालयात, मुंबईला जावे लागे. वकील आणि पक्षकारांच्या दीर्घ आंदोलनानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात त्या न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले.