नाव .पीएनजी, पण आत काय आहे?

रविवारी भाच्याने पायथन या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहिला, महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचे नकाशे एका झटक्यात डाउनलोड करायचा. फोल्डरमध्ये ३६ फाइली आल्या, सगळ्यांच्या नावापुढे .पीएनजी, हे चित्राच्या फाइलीचं शेपूट, आणि एकही उघडेना. "मामा, नेट गंडलंय, परत चालवतो." तीनदा चालवलं. शेवटी एक फाइल नोटपॅडमध्ये उघडायला लावली तर आत सरळ एचटीएमएल, वेबपान ज्यात लिहितात ती भाषा! म्हणजे नकाशा आलाच नव्हता, नकाशाबद्दलचं पान आलं होतं आणि आपणच त्याला .पीएनजी नाव दिलं होतं.

नकाशे होते विकिमीडिया कॉमन्सवरचे, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या भांडारातले. तिथे पत्त्याच्या शेवटी .पीएनजी दिसतं, पण तो पत्ता चित्राच्या माहितीपानाचा असतो, खरं चित्र दुसऱ्याच पत्त्यावर असतं. सर्व्हर २०० (म्हणजे 'सगळं ठीक') म्हणतो कारण पान सापडलंय, त्याचं काहीच चुकत नाही. म्हणून नुसतं २०० बघू नका, उत्तरासोबत येणाऱ्या हेडरमधला कंटेंट-टाइप बघा, आलंय ते चित्र आहे की पान हे तो सांगतो.

पत्ता सुधारला, तरी चित्र उघडेना. आता मात्र मला मजा यायला लागली. पीएनजी १९९६ सालचा फॉरमॅट, आणि प्रत्येक पीएनजी फाइलचे पहिले आठ बाइट (० ते २५५ मधले आकडे) ठरलेले: १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०. १३७ नंतरचे तीन म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. बाकीचे पाच पहारेकरी आहेत. १३७ हा १२७ च्या वरचा, म्हणजे त्याला बाइटातले आठही बिट (०-१ ची घरं) लागतात, वाटेत कोणी आठवा खाल्ला तर इथेच कळतं. १३-१० ही विंडोजमधली नवी ओळ सुरू करायची खूण, शेवटचा १० ही युनिक्स या दुसऱ्या सिस्टिममधली, कोणी एकीची दुसरी केली की आकडे बिघडतात. २६ मुळे जुन्या डॉसमध्ये फाइल स्क्रीनवर छापायला गेलं तर तिथेच थांबायचं, पुढचा कचरा दिसायचा नाही.

आमच्या फाइलीत काय होतं? २३९ १९१ १८९ ८० ७८ ७१ १३ १३ १० २६ १३ १०. झालं असं की बाइट लिहिताना एरर आली म्हणून पठ्ठ्याने आलेले बाइट जसेच्या तसे देणारं .कंटेंट काढून त्यांचा मजकूर करणारं .टेक्स्ट टाकलं आणि यूटीएफ-८ (बाइटांवरून अक्षरं ठरवायची पद्धत) लावलं. यूटीएफ-८ मध्ये १३७ ने अक्षर सुरूच होत नाही, म्हणून त्याच्या जागी 'अक्षर कळलं नाही' ही खूण बसली, तिचे तीन बाइट म्हणजे २३९ १९१ १८९. आणि विंडोजने प्रत्येक १० चा १३-१० केला. दोन्ही अपघात पहिल्या ओळीतच पकडले गेले, तीस वर्षांपूर्वी कोणीतरी एवढा विचार करून ठेवलाय!

परत परत चालवून बघणं म्हणजे नवस बोलण्यासारखं आहे, तोच कोड तेच बाइट लिहिणार. आणि 'एका क्लिकमध्ये कुठल्याही साइटवरचे फोटो' अशा जाहिरातींतली टूलंही शेवटी हेच बाइट आणतात, जादू नसते.

मग .कंटेंट परत घातलं, फाइल उघडताना 'डब्ल्यू' (मजकूर लिही) चं 'डब्ल्यूबी' (बाइट लिही) केलं, दोन रिक्वेस्टमध्ये एक सेकंदाचा थांबा टाकला (सर्व्हर दुसऱ्यांचाही असतो), आणि पहिले आठ बाइट तपासायची एक ओळ. पहिला उघडला तो अहिल्यानगरचा.