ऐनाचं लाकूड का फुटतं?

कोकणात ऐनाची ओळख आता सरपण, फार तर कोळसा, एवढ्यावर येऊन ठेपली आहे. सॉमिलवर चौकशी केली तर उत्तर ठरलेलं: ऐन फुटतो, त्यापेक्षा साग घ्या. फुटतो हे खरंच. पण जुन्या कौलारू घरांत याच ऐनाचे वासे आणि तुळया अजून भार पेलताहेत. असं लाकूड चुलीत जाताना पाहून जीव तुटतो.

झाड ओळखायला सोपं. जाड, काळपट राखाडी साल, तिच्यावर उभ्या-आडव्या भेगांनी मगरीच्या पाठीसारखे खवले. पान उलटून देठाजवळ पाहिलं तर दोन बारीक गाठी दिसतात. फळाला पाच पंख. शास्त्रीय नाव टर्मिनेलिया इलिप्टिका. अर्जुन आणि किंजळ ही त्याचीच भावंडं. जाड सालीमुळे तो वणव्यातून तगून जातो. सालीत टॅनिन हे तुरट द्रव्यही भरपूर. नायलॉन येण्याआधी मासेमारीची सुती जाळी कुजू नयेत म्हणून या सालीच्या काढ्यात भिजवत.

ताज्या कापावर बाहेरचा पट्टा फिकट दिसतो, आतला गाभा तपकिरी, आणि त्यात जवळजवळ काळ्या रेषा. वाळलेला ऐन घनमीटरला साधारण ८५० किलो भरतो, साग ६५०. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, यावरून कठीणपणा मोजतात. ऐनाला सागाच्या दुपटीच्या आसपास जोर लागतो. त्याच्या तंतूंच्या भिंती जाड आणि आतली पोकळी लहान, म्हणून तेवढ्याच जागेत लाकूड जास्त.

नेमकी हीच गोष्ट वाळताना नडते. लाकडात पाणी दोन जागी असतं: पेशींच्या पोकळीत आणि त्यांच्या भिंतींत. पोकळीतलं आधी निघून जातं, तेव्हा आकार बदलत नाही. ओलावा तीसेक टक्क्यांच्या खाली आला की भिंतींतलं पाणी सुटू लागतं आणि लाकूड आखडतं. तेही सगळीकडे सारखं नाही. पूर्ण वाळेपर्यंत साग गाभ्याकडून सालीच्या दिशेला अडीच टक्के आखडतो, वर्तुळाच्या दिशेला पाच. ऐन दोन्हीकडे त्याहून जास्त. त्यात घट्ट लाकडातून आतलं पाणी सावकाश बाहेर येतं. उन्हात टाकलेल्या ओंडक्याचा वरचा थर वाळून आखडू पाहतो, आतला ओला भाग त्याला आखडू देत नाही, आणि वर चीर पडते.

पाणीही या झाडात थोडंथोडकं नसतं. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात, कोंडा रेड्डी आदिवासींकडून कळल्यावर, वनखात्याच्या लोकांनी एका ऐनाची साल कापली, तर भर उन्हाळ्यात खोडातून पाण्याची धार लागली.

म्हणून ऐन वाळवताना घाई नको. पावसाळा सरता सरता, लाकूड ओलं असतानाच फळ्या पाडून घ्याव्यात. टोकांमधून पाणी सगळ्यात लवकर उडतं, तेव्हा दोन्ही टोकांना जाड रंग किंवा मेण फासावं. मग सावलीत, गरम वाऱ्यापासून आडोशाला, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या घालून थप्पी लावायची आणि वर वजन ठेवायचं. एवढी निगा राखली तर फळी सहसा धड निघते.

तरी कोकणात लाकूड कधी पुरतं स्थिरावत नाही. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असेल तर ते १७-१८ टक्के ओलावा धरून राहतं, ६० टक्क्यांना ११ वर येतं. पावसात दारं अडतात ती यामुळेच. ऐनाच्या दाराला फट थोडी मोकळीच ठेवावी.

रंधा मारताना त्याचे उलटसुलट तंतू उपटून येतात, म्हणून पातं चांगलं परजलेलं हवं आणि एका वेळी पातळच काढावं. खिळ्याआधी गिरमिटाने भोक पाडावं, नाहीतर कडेला तडा ठरलेला. मेहनत आहे, पण पॉलिशखाली त्या काळ्या रेषा अशा उठून दिसतात की मला तरी त्यापुढे साग फिका वाटतो. बाहेरचा फिकट पट्टा मात्र काढून टाकावा. त्यातल्या पिष्टावर भुंगे येतात आणि लाकडाचं पीठ करतात. तो ठेवायचाच असेल तर बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवून घ्यावा.

खरी अडचण सरळ खोड मिळण्याची. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं करण्याआधी जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या पिढ्यान्‌पिढ्या छाटल्या गेल्या, त्यामुळे बरीच झाडं खुरटी आणि गाठाळ झाली आहेत. देवराईत किंवा एखाद्या जुन्या बागेच्या कडेला न छाटलेला ऐन उभा असतो, तेव्हा कळतं की मोकळा सोडला तर तो शंभर फुटांपर्यंत जातो.